सरकारांची मोटार आणि पांढरा रुमाल

"मोटार अशी धुवायची, की हा रुमाल तिच्यावरून फिरवला तरी पांढराच्या पांढरा राहिला पाहिजे," वाड्याचे सरकार म्हणाले. "डाग पडला, तर या गावात बादली घेऊन पुन्हा दिसायचं नाही. आहे कबूल?"

शेवंताने रस्त्याकडे पाहिलं. वैशाखाचे दिवस. रस्त्याची माती पिठासारखी झालेली. जरा वारा सुटला की तव्यावरच्या भाकरीवर धूळ बसायची, तिथे रुमाल पांढरा राहणार कसा?

पण माघार घ्यायची सोय नव्हती. बारावीची परीक्षा संपली आणि मैत्रिणी मामाच्या गावाला आंबे खायला गेल्या. हिने मात्र ठरवलं, सुट्टीभर लोकांच्या मोटारी आतून-बाहेरून उजळून द्यायच्या. बापाचं पंक्चरचं दुकान, त्यामुळे गाड्यांचं भय नव्हतं. जुन्या बनियनच्या चिंध्या, दात घासायचे दोन मऊ ब्रश, एक बादली, झालं दुकान! पण गाव पडलं बेरकी. जो तो म्हणे, "आधी सरकारांची मोटार धुऊन दाखव, मग आमची देऊ." आणि सरकार असे, की धुतल्या तांदळात खडे शोधायचे, आणि नाही सापडले तर तांदूळच बदलून आणायला लावायचे. उभ्या जन्मात त्यांनी कशाला स्वच्छ म्हटलेलं नव्हतं.

"कबूल," शेवंता म्हणाली.

"मग उद्याच. अक्षय्यतृतीया आहे. मी भैरोबाला अभिषेक घालून येतो, तोवर तुझं काम उरकलेलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वाड्याच्या फाटकाशी हजर. चाकांच्या खाचांतला चिखल ब्रशने कोरून काढला. बसायच्या गाद्यांच्या फटींतून शेंगांची टरफलं निघाली, अर्धी सुपारी निघाली, सरकारांच्या पत्नी आईसाहेबांचा कधीचा हरवलेला केसांचा आकडा निघाला. काचा अशा पुसल्या, की चिमणी येऊन आपल्याच रूपाशी भांडायला लागली.

सरकारांचा ड्रायव्हर हणमंता कट्ट्यावर बसून गंमत बघत होता. "काय गं, आज मोटारीचं लग्न आहे का?"

"लग्न कुठलं, हणमंतदादा. आज नुसती बघायला येणार आहेत. पण पाहुणा फार चिकित्सक आहे म्हणे."

"पाहुण्याने आजवर एकही स्थळ पसंत केलेलं नाही, बरं का."

"स्थळांनी तरी पाहुण्याला कुठं नीट बघितलंय!"

शेवटचा हात फिरवून ती मागे सरली. पांढरी मोटार दुधात न्हाल्यासारखी दिसत होती. आणि नेमकी तेव्हाच खळ्याकडून वावटळ उठली. गोल गोल नाचत रस्त्याने आली, वाड्यासमोर फुगडी घातली आणि निघून गेली.

"गेली तुझी बादली," हणमंता म्हणाला.

शेवंताने चिंधी उचलली, तोच समोरून सरकार येताना दिसले. कमरेला सोवळं, कपाळाला गंध, पाय अनवाणी. मागे प्रसादाचं ताट घेतलेला धोंडू गुरव, आणि त्याच्या मागे फुकटची करमणूक बघायला आलेलं अर्धं गाव. शेवंताने सरकारांना वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि चिंधी खाली ठेवून दिली.

आईसाहेबांनी ओसरीवरून घडीचा रुमाल दिला. सरकारांनी तो मोटारीच्या नाकावरून ऐटीत फिरवला आणि सगळ्यांना उलटा करून दाखवला. मातकट पट्टा!

"बघितलंत? याला म्हणतात धुणं. चल, उचल बादली."

"उचलते की. रुमालाचा शब्द शेवटचा ना, सरकार?"

"शेवटचा. माणूस खोटं बोलेल, रुमाल बोलायचा नाही."

"मग त्याचा दुसरा कोपरा अजून कोरा आहे. तेवढा आपल्या मानेवरून फिरवा."

लोकांत कुजबुज झाली. सरकारांच्या भुवया चढल्या. "माझ्या मानेवरून? अगं, पहाटे शिकेकाई लावून न्हालोय मी!"

"म्हणूनच म्हणते. आपल्याला कसली भीती?"

भीतीचं नाव काढल्यावर सरकार मागे हटतात होय! त्यांनी कोपरा धरून मान खसाखसा पुसली आणि रुमाल समोर धरला. मोटारीचा पट्टा फिका, इतका हा गडद.

शेवंता गुरवाकडे वळली. "धोंडूकाका, आता कसं करायचं? रुमाल काही खोटं बोलत नाही. सरकारांनी बिनआंघोळीचं गाभाऱ्यात जाऊन देवाला हात लावला!"

गुरव ताटासकट दोन पावलं मागे सरला. "शिव शिव, पोरी!"

"अरे, काय चाललंय हे?" सरकार ओरडले. "न्हालोय मी! अंगावर घागरी ओतून न्हालोय! देवळातून निघालो तेव्हा लख्ख होतो. वाटेत ती मेली वावटळ आली, तिला मी काय करू?"

"तीच वावटळ पुढे इकडे आली, सरकार. तुम्ही चालत तरी होता. मोटार बिचारी जागची हलली नाही."

सरकारांनी रुमालाकडे पाहिलं. दोन कोपरे, दोन पट्टे.

"आता आपणच सांगा," शेवंता म्हणाली. "मोटार धुतलेली नसेल, तर आपण न्हालेले नाही. आणि आपण न्हालेले असाल, तर मोटारही न्हालेली. आपण म्हणाल ते मला मान्य."

ओसरीवरून आईसाहेबांचं हसू आधी फुटलं. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी असं कोणीतरी यायची वाट बघत होते!"

मग सरकारही हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता मोटारीवर हात टेकला आणि तळव्याला लागलेली धूळ पाहून आणखी हसले. "न्हालोय बाई, न्हालोय. मीही न्हालोय आणि ही मोटारही न्हाली आहे! हणमंता, फाटकाजवळच्या चिंचेखालची जागा झाडून घे. सुट्टीभर ती हिची. आपल्या विहिरीचं पाणीही हिचंच. आणि गावात सांग, सरकारांची मोटार पसंत झाली म्हणावं!"

"सांगतो," हणमंता म्हणाला. "आणि पाहुणा?"

"पाहुण्याला म्हणावं," शेवंता बादली उचलत म्हणाली, "आधी मान धुऊन ये."