भोंग्याच्या तीन हाका

फार जुनी गोष्ट. साऱ्या शाळेत एकच संगणक असायचा, त्या काळची. परीक्षेचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो अचानक सुरूच होईना.

पेटीतला इवलासा भोंगा तीनदा ओरडला, "मेमरीची पट्टी सैल झालीय!"

"एवढासा जीव, गप बस की!" पंखा गुरगुरला.

भोंगा खट्टू झाला, पण गप्प बसला नाही. दर वेळी बटण दाबलं, की त्याच्या तीन हाका.

"आता हा भंगारातच," हेडमास्तर म्हणाले.

"थांबा सर, तो काहीतरी सांगतोय," दुरुस्तीला आलेल्या मृणालताई म्हणाल्या. त्यांनी पट्टी काढली, खोडरबराने पुसली आणि घट्ट बसवली.

पडदा उजळला! संध्याकाळपर्यंत साठही मुलांचे अर्ज गेले. भोंग्याचा आनंद पेटीत मावेना.