नळापासून बाभळीपर्यंत

कोरडवाहू मुलखातल्या एका मिशन गावात एकदा एक वृद्ध धर्मशिक्षक राहत होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. मरियामातेच्या जन्मोत्सवासाठी तिच्या तीर्थस्थानी जाणारी गावची पदयात्रा त्यांनी चाळीस वर्षे नेली होती. वाट पाच दिवसांची, आणि ऊन भाद्रपदातले. यात्रेत भजने होती, जपमाळ होती, पण कडक असा नियम एकच होता. एकाने सर्वांच्या शेवटी चालायचे. जो सर्वांत मागे पडेल त्याच्याही मागे राहायचे आणि त्याच्यानंतरच पोहोचायचे. त्याला यात्रेकरू ‘शेवटचा’ म्हणत.

मास्तरांचा एक शिष्य होता, गिदोन. वय तिशी उलटलेले. विहिरींवरचे पंप दुरुस्त करून तो पोट भरी आणि रविवारी मास्तरांजवळ बसून शास्त्र शिके. मास्तरांच्या पश्चात गावची उपासना तोच चालवणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. त्या वर्षी मास्तरांनी त्याला ‘शेवटचा’ नेमले. गिदोनने मान डोलावली, पण मनातून तो खट्टू झाला. त्याची चाल झपाट्याची. शिवाय मातेच्या पालखीला खांदा देण्याचा मान त्या वर्षी त्यांच्या गावाकडे आला होता आणि चार खांद्यांपैकी एक त्याचा होता. सणाच्या आदल्या दिवशी चार वाजता पालखी उठणार होती.

चार दिवस त्याने नेमून दिलेले काम नीट केले. मागे पडणारी व्यक्ती रोज एकच असे, रूथाबाई. सत्तरीची विधवा, गुडघे धरलेले, दर मैलाला टेकणारी. वाटेत ती त्याला आपल्या लेकीच्या, सगुणेच्या, गोष्टी सांगे आणि दर वेळी त्याच त्याच सांगे. गिदोन हुंकार देई आणि पुढे गेलेल्यांच्या निशाणाकडे पाहत राही.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास रूथाबाई एका बाभळीखाली बसली. सावली म्हणावी अशी नव्हतीच. निशाण केव्हाच दिसेनासे झाले होते. तिने आपली बाटली उलटी करून दाखवली.

“पाणी संपलं रे, लेकरा. जरा भरून आणतोस का? तवर टेकते मी.”

गिदोनने सूर्याकडे पाहिले. पाणी आणायला जायचे, परत यायचे, मग हिच्या पावलांनी चालायचे. पालखी मिळणार नव्हती.

“नळ हा काय, पुढंच आहे, मावशी,” तो म्हणाला. “तुम्ही या सावकाश.”

तिने रिकामी बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाली, “बरं. हो तू पुढं.”

साडेतीनला तो तीर्थस्थानी पोहोचला. मास्तर दारातच उभे होते. त्यांनी विचारले, रूथाबाई कुठे आहे? त्याने सांगितले, येतायत मागून. मास्तरांनी एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिले, एकदा पालखीकडे, आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली. चार वाजता घंटा वाजली. गिदोनने खांदा दिला. गर्दीतून फुले पडत होती, बायका पदर पसरत होत्या, आणि त्याचे डोळे भरून आले होते. आयुष्यात इतके निर्मळ आपल्याला कधी वाटले नाही, असे त्याला त्या वेळी वाटत होते.

दिवेलागणीला बातमी आली. दुसऱ्या गावच्या यात्रेकरूंना बाभळीखाली एक म्हातारी पडलेली दिसली होती. त्यांनी तिला ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेले. पण डॉक्टरांनी सांगितले, जीव जाऊन दोन-तीन तास झाले आहेत. ऊन लागले, लोक म्हणाले. वय झाले होते, मातेच्या वाटेवर मरण आले, भाग्यवान बाई. तीर्थस्थानच्या फादरांनी शव गावी नेण्यासाठी गाडी ठरवली आणि गिदोनला म्हणाले, तू तिच्यासोबत होतास, तूच गाडीत बैस. उद्या सकाळी दफनविधी आहे.

गिदोन गाडीत पाय ठेवणार, तोच मास्तरांनी त्याचा दंड धरला.

“हा चालत येईल,” ते फादरांना म्हणाले. “आणि याच्यासोबत मी.”

सर्वांना ते विचित्र वाटले. ऐंशीला टेकलेला माणूस, पायांना फोड आलेले, आणि पाच दिवसांची वाट पुन्हा तुडवायची म्हणतो. तीही सणाच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, पाठ फिरवून. गिदोनचा तर संताप झाला. म्हातारीला मूठभर माती द्यायलाही मी नको का, असे त्याने विचारले. मास्तरांनी आपली काठी उचलली. पहाटे ते देवळाची पायरीसुद्धा न चढता निघाले. मागे सणाच्या घंटा सुरू झाल्या, तेव्हा दोघे रस्त्यावर होते आणि समोरून येणारे शेकडो यात्रेकरू त्यांना सांगत होते, अहो, तीर्थस्थान तिकडे आहे.

उन्हे चढल्यावर वाटेत नळ लागला. मास्तर थांबले आणि म्हणाले, तिला सर्वांत जवळचे पाणी हेच होते; आता इथून तिच्या बाभळीपर्यंत माझ्या पावलांनी चालायचे, एक पाऊलही पुढे टाकायचे नाही.

गिदोन त्यांच्या मागे चालू लागला. मास्तर दर शे-दोनशे पावलांवर थांबत, काठीवर भार देत, श्वास घेत. एक वळण गेले. ऊस संपला, माळ लागला. दुसरे वळण गेले. गिदोनला पुनःपुन्हा वाटे की बाभळ आता दिसेल, आणि पुन्हा नुसता रस्ताच समोर येई. तासभर होऊन गेला. बाभळ आली तेव्हा मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते. झाडाखाली तिची एक चप्पल रुतून राहिली होती. गिदोनने ती उचलली आणि तो तिथेच बसला.

“हा काय, पुढंच, म्हणालो होतो मी,” तो म्हणाला.

मास्तर काठीच्या आधाराने त्याच्याशेजारी खाली बसले. मग बोलले.

“गाडीतून हे अंतर दोन मिनिटांचं झालं असतं, गिदोना. तू तिच्या कबरीवर रडला असतास, लोकांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता, ऊन लागलं म्हणाले असते, आणि तेच तुलाही खरं वाटू लागलं असतं. मग जन्मभर तू त्या शब्दाच्या आडोशाला राहिला असतास. म्हणून तुला चालवत आणलं.” त्यांचा आवाज खाली गेला. “आणि मी का चाललो तेही ऐक. नियम माझाच होता. शेवटचा माणूस शेवटीच पोहोचतो. तू आलास आणि तुझ्यापुढं ती नव्हती, हे मी पाहिलं. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या शिष्याचा खांदा पालखीखाली बघायची मलाही हौस होती. त्याच वेळी माणूस धाडला असता, तर निदान ती तिथं एकटी पडून राहिली नसती.”

तिथून दोघे गावच्या वाटेला लागले. सगुणेला काय सांगायचे याची गिदोन मनात जुळवाजुळव करीत होता. पहिल्या दिवशी त्याने ठरवले, सांगावे की तिनेच मला पुढे हो म्हटले. ते खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी तळपायाचे कातडे सोलवटले, आणि चालता चालता ते वाक्य त्याला आपोआप नकोसे झाले. मग वाटले, पालखीची वेळ झाली होती असे सांगावे. तिसऱ्या दिवशी तेही गळाले. चौथ्या दिवशी जुळवायला काही उरलेच नाही. जे घडले होते तेवढेच उरले, आणि ते अगदी थोडक्या शब्दांत मावत होते.

पाचव्या दिवशी दुपारी दोघे गावात शिरले. कबरीवरची फुले काळी पडली होती. सगुणा दारात धान्य निवडत बसली होती. चाळिशीची बाई, तरुणपणीच नवरा गेलेली, आईखेरीज तिला कोणी नव्हते. तिने सूप बाजूला ठेवले. गिदोन उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्याने सारे सांगितले. आईने पाणी मागितले होते, आपण आणून दिले नाही, नळ जवळ आहे असे सांगितले आणि तो जवळ नव्हता. मास्तरांनीही आपले सांगितले.

सगुणा रडली नाही. तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग तिने एकच विचारले.

“तिनं पाणी मागितलं, तवा तुझ्याजवळ होतं का?”

हे मास्तरांनी विचारले नव्हते. पाच दिवसांच्या पायपिटीत गिदोनने हे स्वतःलाही विचारू दिले नव्हते.

“होतं,” तो म्हणाला. “अर्धी बाटली होती. मला पुढं लागेल, म्हणून ठेवली.”

सगुणा उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतले. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

दोघे तिथेच उभे राहिले. गिदोनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ते पालखीखालच्या पाण्यासारखे नव्हते. काही वेळाने त्याने हळूच विचारले, की आता ती क्षमा करील का.

“क्षमा मागायला आपण आलो नव्हतो,” मास्तर म्हणाले. “तिचं जे होतं ते तिच्या दाराशी आणून द्यायला आलो होतो. पुढचं तिच्या हाती.”

मास्तर त्यानंतर यात्रेला गेले नाहीत. त्यांचे पाय पुन्हा बरे झालेच नाहीत. त्यांच्या पश्चात उपासना चालवण्याचे काम गिदोनला देऊ केले गेले, तेव्हा त्याने ते घेतले नाही. ‘शेवटचा’ होण्याचे काम मात्र त्याने मागून घेतले, आणि दर वर्षी तो त्याच जागी चालत राहिला. पालखी कधी त्याला दिसली, कधी नाही. चौथ्या वर्षी सगुणा यात्रेला आली. ती सर्वांत मागे, अगदी सावकाश चालली, मुद्दाम चालली की काय कोण जाणे, आणि पाचही दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तोही वीस पावले मागे राहून चालत राहिला. ती थांबली की थांबे, उठली की उठे. ती देवळाशी पोहोचली तेव्हा संध्याकाळचा मिस्सा संपून गेला होता आणि सेवेकरी विझलेल्या मेणबत्त्या खरवडून काढत होते. ती आत गेली. तिच्यामागे रस्ता रिकामा आहे हे एकदा नीट पाहून मगच गिदोन आत गेला.

आपल्यापैकी पुष्कळजण पोहोचलेले आहेत. आपण ज्यांना ‘नळ पुढेच आहे’ असे सांगून आलो, त्यांच्यापर्यंतचे अंतर एकदा पायी मोजून पाहावे.