शेटजींचं अनुपान

एकदा एक गुळाचा व्यापारी एका वृद्ध वैद्याच्या ओसरीवर येऊन बसला. पेठेत त्याच्याएवढी वखार कुणाची नव्हती. आणि दैवाची थट्टा पाहा, नेमकी त्याच गृहस्थाच्या तोंडाची चव गेली होती. "बुवा, अन्न मातीसारखं लागतं. कशातच जीव रमत नाही. असाच झिजून जाणार मी." त्याच्या गळ्याची हाडं वर आलेली पाहून वैद्यबुवांचा शिष्य त्र्यंबक हळहळला. भल्याभल्या वैद्यांनी तिथे हात टेकले होते.

बुवांनी बराच वेळ नाडी पाहिली. मग त्र्यंबकाच्या कानाशी लागून म्हणाले, "साळीच्या लाह्या कुटून पुड्या बांध."

त्र्यंबक चक्रावला. लाह्यांचं पीठ? ते तर तान्ह्या लेकरालाही भरवतात. पण गुरूची आज्ञा, बिचारा कुटायला बसला.

इकडे बुवा व्यापाऱ्याला बजावत होते, "औषध जालीम आहे हं. अनुपान चुकलं तर गुण यायचा नाही." अनुपान म्हणजे औषध ज्याच्यासोबत घ्यायचं ते, कुणाला मध, कुणाला दूध. या शेटजींचं मात्र जगावेगळं. "सकाळची पुडी विहिरीच्या पाण्याबरोबर. पाणी स्वतः शेंदायचं. वर गुळाचा खडा तोंडात धरून तो विरघळेपर्यंत ओट्यावर उन्हात बसायचं, धंद्याचा शब्द काढायचा नाही. संध्याकाळची पुडी चुलीपाशी. भाकरी फुगलेली डोळ्यांनी पाहायची, मगच पुडी घ्यायची."

व्यापारी मान डोलवून गेला. त्र्यंबकाला मात्र चैन पडेना. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला आपल्या गुरूंनी पीठ देऊन फसवावं? काही दिवस कसेबसे गेले, आणि त्याने वळकटी बांधली. व्यापाऱ्याला खरं सांगायचं आणि या दारी पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं त्याने ठरवलं.

दिवेलागणीला तो व्यापाऱ्याच्या घरी पोचला. शेटजी चुलीसमोर पाटावर बसले होते.

"शेटजी, त्या औषधाबद्दल..."

"थांब जरा," शेटजींनी हात वर केला. "फुगतेय."

निखाऱ्यावर भाकरी टम्म फुगली आणि शेटजी खुदकन हसले. "रोज हेच," त्यांची पत्नी म्हणाली. "फुगली की हसतात, नाही फुगली की माझ्यावर रुसतात." शेटजींनी भाकरी मोडली, वाफ नाकाशी घेतली, लोणी लावलं आणि डोळे मिटून सावकाश घास चघळला. गालांवर तुकतुकी आली होती.

"आणि पुडी?" त्र्यंबकाने विचारलं.

शेटजींनी जीभ चावली. "कोनाड्यातच राहिल्या की रे. बरेच दिवस झाले. बुवांना सांगू नकोस हं. बस, दुसरी गरम आहे."

कोनाड्यातल्या पुड्यांना मुंग्या लागल्या होत्या. त्र्यंबक पानावर बसला. गुरूंना आता तोंड कसं दाखवावं, या विचारात कधी जेवून उठला तेही त्याला कळलं नाही.

परतल्यावर त्याने बुवांचे पाय धरले. काखेतली वळकटी पाहून बुवा हसले.

"अरे, त्याच्या घरी काय नव्हतं? विहीर होती, ऊन होतं, भाकरी करणारी लक्ष्मी होती. तोच तिथे नसायचा. 'घटकाभर उन्हात बस' असं नुसतं सांगितलं असतं, तर तो उठून गेला असता. औषध म्हटलं की माणूस वाट्टेल ते करतो. सुखासाठी मात्र त्याला सवड नसते. म्हणून पुडी."

त्र्यंबकाचे डोळे भरून आले. केवढं हे शहाणपण, आणि आपण त्याला लबाडी समजलो.

"बरं, जेवून आलास ना? भाकरी कशी होती?"

त्र्यंबकाने आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. त्याने मान खाली घातली.

बुवांनी खल हळूच त्याच्यापुढे सरकवला. "लाह्या उरल्या आहेत," ते म्हणाले. "चार पुड्या स्वतःसाठीही बांध."