पोतदाराची चिमूट

एका बाजाराच्या गावात एक पोतदार राहत होता आणि त्याला दोन कान होते. कान सगळ्यांनाच असतात म्हणा, पण याच्या कानांचा गावावर दरारा होता. पोतदाराचं काम नाणी पारखण्याचं. कुणी रुपया आणला की तो बोटाच्या टोकावर अलगद तोलायचा, दुसऱ्या हाताच्या नखानं त्याला टिचकी मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आवाज खण्णकन उठून घुमत राहिला तर चांदी खरी. थप् करून विझला तर आत शिसं. बाजारातले मोठमोठे व्यापारीसुद्धा तेवढा वेळ श्वास धरून बसायचे.

त्या गावात एक चाल होती. लग्न ठरवताना वराकडच्यांनी नवरीच्या हातावर चांदीचा रुपया ठेवायचा आणि तो पोतदारानं सगळ्यांसमोर वाजवायचा. खरा निघाला की पोतदार त्यावर ठशानं तिळाएवढी चांदणी ठोकायचा आणि मगच सुपारी फुटायची. त्या चांदणीचं एक टोक तुटकं उमटायचं, कारण पोतदारणीनं एकदा त्या ठशानं नारळाचा डोळा फोडला होता. पोतदार तेव्हा आठवडाभर बायकोशी बोलला नव्हता. नारळ मात्र त्यानं खाल्ला होता.

तर अशा या पोतदाराला एकदा जत्रेत एक गोडबोल्या भेटला. त्यानं रुपया दिला, पोतदारानं बोटावर तोलून वाजवला, अगदी खणखणीत. तेवढ्यात गोडबोल्याचा धक्का लागला आणि नाणं खाली पडलं. "अरेरे, तुम्ही कशाला वाकता, काका," म्हणत त्यानंच ते उचलून पोतदाराच्या हातात ठेवलं. सुटे पैसे घेऊन तो गर्दीत दिसेनासा झाल्यावर पोतदारानं पाहिलं, तर हातात शिशाचा तुकडा. गाव पोट धरधरून हसलं. न्हाव्यानं तर तो प्रसंग हजामती करता करता इतक्या जणांना सांगितला की एकदोघांच्या मिशा त्यात वाकड्या झाल्या.

पोतदाराच्या ते फार जिव्हारी लागलं. शिशाचा तो तुकडा त्यानं कमरेच्या बटव्यात ठेवला आणि मनाशी ठरवलं, आता नाणं म्हणून सैल सोडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक रुपया चिमटीत घट्ट आवळून धरू लागला, इतका की बोटांची टोकं पांढरी पडायची. मग टिचकी मारायचा. आवाज यायचा, थप्.

"खोटं," पोतदार म्हणायचा.

तेल्याचा रुपया खोटा निघाला. कापडवाल्याचा खोटा निघाला. पाटलाची तर अख्खी थैली खोटी निघाली आणि पाटील दोन दिवस घराबाहेर पडला नाही. वाण्यानं भीत भीत विचारलं, "पोतदार, सगळेच कसे हो खोटे?"

"काळच तसा आलाय," पोतदार म्हणाला. "माणसं नासली, मग नाणी कशी टिकतील?"

त्याच्या मनात एकदाही आलं नाही की आपलंच काही चुकत असेल. कानांवर त्याचा गाढ विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर कानांचं काही चुकतही नव्हतं. ते जे ऐकत होते तेच सांगत होते.

बाजारात मग एकच गोंधळ उडाला. रुपया कुणी घेईना, तेव्हा लोक वस्तूला वस्तू देऊ लागले. न्हाव्याला एका हजामतीचा भोपळा मिळू लागला आणि त्याच्या घरी रोज भोपळ्याची भाजी शिजू लागली. कापडवाल्यानं एका धोतराच्या बदल्यात बकरी घेतली. बकरीनं त्याच रात्री दुसरं धोतर खाल्लं. लोक कुरकुरत होते, पण हसत खेळत निभावून नेत होते.

एक कुंभारीण तेवढी हसली नाही. मडकी विकून विकून तिनं एक रुपया जमवला होता. पावसाळ्याआधी छपरावर घालायला गवत घ्यायचं होतं तिला. पोतदारानं तिचा रुपया आवळला, टिचकी मारली आणि परत केला. ती रुपया पदराला बांधून डोळे पुसत निघून गेली. पोतदाराला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, पण त्यानं स्वतःची समजूत घातली की आपण काय करणार, आवाजच तसा आला.

अशात पोतदाराच्या एकुलत्या एका मुलीला स्थळ आलं. शेजारच्या गावचा मुलगा, मनमिळाऊ, कष्टाळू. त्यानं मुलीला पाहिलं, मुलीनं त्याला पाहिलं, आणि त्या दिवशी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. पोतदारणीला काय ते कळलं. सुपारीचा दिवस ठरला, अंगणात सतरंज्या अंथरल्या, सगळं गाव जमलं. वराच्या वडिलांनी हळद लावलेला एक रुपया मुलीच्या हातावर ठेवला.

आता चालीप्रमाणे तो पोतदारानं वाजवायचा. पण मुलगी पोतदाराचीच. पाटील म्हणाला, "जाऊ द्या हो. आजच्या दिवस राहू द्या."

"मुलगी माझी आहे," पोतदार म्हणाला, "पण कान गावाचे आहेत."

पोतदारणीनं कपाळावर हात मारला. पोतदारानं मुलीच्या हातावरचा रुपया उचलला, चिमटीत आवळला, डोळे मिटले आणि टिचकी मारली. थप्.

मुलीकडे बघायची पोतदाराला हिंमत झाली नाही. तरी तोंडातून सवयीनं निघायचं ते निघालंच, "खोटं."

वराचे वडील शांत गृहस्थ होते. ते उठून उभे राहिले. "पोतदार," ते म्हणाले, "माझी बायको याच गावची लेक. आमच्या लग्नात तिच्या हातावर हाच रुपया ठेवला होता. तेव्हापासून तो आमच्या देवघरात आहे. जरा हळद पुसून बघा, त्यावर खूण कुणाची आहे."

पोतदारानं धोतराच्या सोग्यानं हळद पुसली. खाली तिळाएवढी चांदणी होती. एक टोक तुटकं. ते तुटकं टोक बघून पोतदारणीनं नारळ आठवून मान खाली घातली.

पोतदार पेचात पडला. नाणं खोटं म्हणावं, तर आजवर आपण ठोकलेली प्रत्येक चांदणी खोटी. खरं म्हणावं, तर इतके दिवस आपण गावाला नाडलं. कसंही म्हटलं तरी नाव जाणारच होतं, आणि खोटं म्हटलं तर मुलीचं लग्नही मोडणार होतं.

"आमचं नाणं आम्हाला परत द्या," वराचे वडील म्हणाले. "आम्ही निघतो."

पोतदारानं हात पुढे केला, पण चिमूट काही उघडेना. इतक्या दिवसांची सवय ती. वराचे वडील ओढताहेत, पोतदार सोडत नाही, अशी दोघांची अंगणात ओढाताण सुरू झाली.

"आप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "सोडा ना."

पोतदाराची बोटं सैल पडली. रुपया निसटला, अंगणातल्या फरशीवर आपटला आणि खण्णकन वाजला. वाजत वाजत, गिरक्या घेत तो थेट वराच्या आजोबांच्या पाटाखाली गेला. आजोबांना कितीतरी वर्षं ऐकू येत नव्हतं. ते दचकून म्हणाले, "देवळात आरती सुरू झाली का रे?"

लोक आ वासून बघत राहिले. पोतदाराच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. तो म्हणू शकला असता की नाण्यावर हळद होती, आता पुसली, म्हणून वाजलं. गावानं मानलंही असतं. क्षणभर त्याच्या ओठांवर ते आलंसुद्धा. पण मग त्याला पदराला रुपया बांधून गेलेली कुंभारीण आठवली.

त्यानं पाटाखाली हात घालून नाणं काढलं. सगळ्यांना दिसेल असं चिमटीत आवळलं आणि टिचकी मारली. थप्. मग तेच बोटाच्या टोकावर अलगद ठेवलं आणि टिचकी मारली. खण्ण.

"नाणी कुणाचीच खोटी नव्हती," तो म्हणाला. "मी त्यांचा गळा दाबून त्यांना गायला सांगत होतो."

न्हावी मागून म्हणाला, "पण सैल धरलं आणि पुन्हा कुणी फसवलं तर, पोतदार?"

पोतदारानं कमरेच्या बटव्यातून शिशाचा तो तुकडा काढला. तोही बोटाच्या टोकावर अलगद ठेवला आणि टिचकी मारली. थप्. आवळून धरलं तेव्हा खरं आणि खोटं सारखंच वाजत होतं. सैल धरल्यावर दोघांनी आपापलं सांगून टाकलं. त्यानं तो तुकडा गोठ्यामागच्या उकिरड्यात भिरकावून दिला.

वराचे वडील परत सतरंजीवर बसले. "सुपारी फोडा," बायकोकडून ऐकलेली नारळाची गोष्ट आठवून ते म्हणाले, "आणि यावेळी नारळ फोडायला ठसा वापरू नका." पोतदारणीनं पदर तोंडाला लावला.

पोतदार मात्र सुपारीला थांबला नाही. तो आधी कुंभारणीच्या घरी गेला, तिचा रुपया दारातच वाजवून दाखवला आणि तिच्या पाया पडला. ती इतकी गोंधळली की तिनं त्याला एक मडकं बक्षीस दिलं. छपरावर चढवायचं गवत त्यानं स्वतःच्या डोक्यावरून आणलं. मग घरोघर जाऊन त्यानं गावाची नाणी पुन्हा वाजवली. न्हाव्याच्या घरी भोपळा शिजायचा बंद झाला.

लग्न थाटात पार पडलं. पाठवणीच्या वेळी पोतदारानं लेकीचा हात हातात घेतला आणि तो काही सोडेना. गाडीचे बैल कंटाळून माना हलवू लागले. शेवटी पोतदारीण जवळ आली आणि डोळे पुसत म्हणाली, "अहो, किती आवळाल? सैल सोडा."

पोतदारानं बोटं उघडली. लेकीनं गाडीत बसून हात हलवला तेव्हा तिच्या बांगड्या किणकिणल्या. पोतदारानं डोळे मिटून तो आवाज गाडी वळणाआड जाईपर्यंत ऐकला.

तात्पर्य: एकदा फसलो म्हणून ज्याला त्याला मुठीत आवळू नये, खरं असो की खोटं, मोकळं ठेवल्याशिवाय त्याचा आवाज कळत नाही.