पूल उचलणारी द्वारका

फार फार वर्षं झाली त्याला. समुद्रातून आत आलेल्या एका खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून एक गाव वसलं होतं. अलीकडच्या काठावर मळे होते, पलीकडच्या काठावर बाजार होता, आणि दोहोंच्या मध्ये एक लाकडी पूल होता.

हा पूल साधासुधा नव्हता. त्याची मधली फळी लोखंडी साखळ्यांना बांधलेली होती. काठावरचं मोठं चाक फिरवलं की फळी हळूहळू वर उठायची, आणि उंच डोलकाठीच्या होड्या खालून आत जायच्या. चाक उलटं फिरवलं की फळी खाली यायची, आणि बैलगाड्या वरून बाजाराला जायच्या. म्हणजे पूल उचललेला असला की होड्यांची चैन, आणि पाडलेला असला की गाड्यांची. दोघांची चैन एकाच वेळी व्हायची काही सोय नव्हती.

हे चाक वर्षानुवर्षं एका म्हाताऱ्याच्या हाती होतं. त्याचे गुडघे धरले, तेव्हा ते त्याच्या सुनेच्या हाती आलं. सुनेचं नाव द्वारका. अंगानं दणकट, तोंडानं हसरी आणि मनानं इतकी मऊ, की कुणाला 'नाही' म्हणायचं म्हटलं तरी तिला घाम फुटायचा.

कामावर आली त्याच दिवशी तिची परीक्षा सुरू झाली. समुद्राकडून हाक यायची, "ए सूनबाई, फळी उचल! मासळी नासतेय!" ती धावत जाऊन चाक फिरवायची. फळी जेमतेम वर गेली की रस्त्याकडून आरडाओरडा व्हायचा, "अहो वहिनी, पाडा ती फळी! भाजी वाळतेय!" ती चाक उलटं फिरवायची. तोवर होड्यांतून पुन्हा बोंब. फळी दिवसभर वर-खाली, खाली-वर. आणि गंमत अशी की संध्याकाळी पाहावं तर धड होड्याही पोचलेल्या नाहीत आणि धड गाड्याही नाहीत. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी, एवढाच काय तो नियम. त्यामुळे गावातल्या लोकांचे घसे मात्र चांगले तयार झाले.

आठवडाभरात द्वारकेचे खांदे भरून आले. तिनं ठरवलं, आता हे पुरे. वाटणी करायची, अगदी सारखी. सकाळ गाड्यांची, दुपार होड्यांची. कुणी कितीही ओरडो.

"आता कुणाची तक्रार राहणार नाही," ती सासऱ्यांना म्हणाली.

म्हातारा नुसता हसला आणि गुडघ्याला तेल चोळत राहिला.

दोन-चार दिवस बरं चाललं. मग एक दिवस भरती सकाळीच आली. होड्या पुलाशी येऊन थांबल्या, पण सकाळ तर गाड्यांची! दुपार झाली, द्वारकेनं मोठ्या कौतुकानं फळी उचलली, आणि बघते तर खाडीत पाणीच नाही. होड्या चिखलात तिरक्या होऊन बसलेल्या. उचललेल्या फळीखालून एक बगळा तेवढा चालत गेला. आणि रस्त्यावर गाड्यांची ही भलीमोठी रांग, त्या बगळ्यासाठी खोळंबलेली!

त्या दिवशी होडीवाल्यांचा पुढारी हिराजी तांडेल आणि गाडीवानांचा म्होरक्या हैबती, दोघंही चाकापाशी येऊन भांडले. आधी द्वारकेशी आणि मग एकमेकांशी.

"तुमच्या गाड्यांना काय धाड भरलीय? जमिनीवर तर उभ्या असतात!" हिराजी ओरडला.

"आणि तुमच्या होड्यांना काय झालं? बसा की पाण्यात झुलत!" हैबतीनं उत्तर दिलं.

द्वारकेला रडूच यायचं बाकी होतं. पण रडण्याऐवजी तिनं ताकाचं मडकं आणलं, दोघांना एकेक लोटा दिला आणि चाकाच्या सावलीत बसवलं. तोंडात ताक असताना माणसाला ओरडता येत नाही, तेवढीच शांतता झाली.

"हिराजीकाका," ती म्हणाली, "थांबावं लागलं तर तुमचं नेमकं काय बिघडतं, ते सांगा. हैबतीदादा, तुम्ही मध्ये बोलू नका. मग तुमची पाळी."

हिराजीनं मिशा पुसल्या. "सूनबाई, भरती असेल तेवढाच वेळ मला आत जाता येतं. पाणी उतरलं की होडी बसली चिखलात. मग पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. बाकी दिवसभर तू पूल उचल नाहीतर पाड, मला त्याचं काही नाही."

हैबतीच्या भुवया वर गेल्या. इतकी वर्षं गाडी हाकली, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"आता तुम्ही, दादा."

हैबती जरा घुटमळला. "खरं सांगू का वहिनी, थांबायचं दुःख नाही. किती वेळ थांबायचं ते कळत नाही, त्याचं दुःख. फळी आत्ता पडेल, मग पडेल, म्हणून बैल जुंपून उन्हात उभं राहायचं. आधी कळलं असतं तर बैल सोडले असते, पाणी पाजलं असतं, चार घास खाल्ले असते. नाहीतर घरूनच उशिरा निघालो असतो."

द्वारका दोघांकडे पाहतच राहिली. एकाला ठरावीक वेळ हवी होती, दुसऱ्याला वेळेची खबर हवी होती. आणि आपण मात्र दिवस भाकरीसारखा मधोमध तोडून दोघांच्या हातावर ठेवत होतो!

त्या दिवसापासून नवा नियम झाला. भरती ज्या वेळी येईल त्या वेळी फळी उचलायची. सगळ्या होड्यांनी एकत्र यायचं आणि एकामागून एक आत जायचं. बाकीचा सगळा वेळ गाड्यांचा. आणि भरती यायच्या बऱ्याच आधी पुलावर उंच लाल निशाण चढवायचं, म्हणजे मळ्यांतून निघणाऱ्यालाही लांबून कळेल.

बघता बघता सगळं सुरळीत झालं. निशाण दिसलं की गाडीवान बैल सोडून वडाखाली बसायचे, भाकऱ्या सोडायचे. कुणी डुलकी काढायचं. एकानं तर पत्र्याचा डबा वाजवत गाणी म्हणायला सुरुवात केली, आणि होडीवाले खालून जाता जाता त्याला साथ देऊ लागले. द्वारकेलाही 'नाही' म्हणायची सवय झाली. 'नाही' म्हणण्याऐवजी ती नुसतं निशाणाकडे बोट दाखवायची.

असाच एक दुपारचा प्रहर होता. निशाण वर होतं, फळी वर होती, होड्या ओळीनं आत चालल्या होत्या. तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या आणि नगरशेठची बग्गी रांगेला वळसा घालून थेट पुलाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आत नगरशेठ. डोक्याला जरीची पगडी, अंगाला अत्तर.

"बाई, फळी पाड. पलीकडे पंगत बसायची वेळ झालीय. माझ्यासाठी पानं वाढून खोळंबलीत."

 नगरशेठला आजवर गावात कुणी अडवलं नव्हतं. द्वारकेनं निशाणाकडे बोट दाखवलं.

"ते फडकं मला काय दाखवतेस? मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, शेठजी. पण ही होड्यांची वेळ आहे. होड्या संपल्या की लगेच फळी पाडते. तोवर वडाखाली बसा, सावली छान आहे."

नगरशेठ लालबुंद झाले. पण वर गेलेल्या फळीवरून घोडे काही उडी मारत नाहीत. ते बग्गीतच फुगून बसले. वडाखालच्या गाडीवानांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या.

तेवढ्यात मागून एक छकडा धूळ उडवत आला. गाडीवान उभा राहून हाकत होता, बैलांच्या तोंडाला फेस आला होता. छकड्यात गावची सुईणआजी होती, मांडीवर गाठोडं घट्ट धरून.

"द्वारके!" आजीनं लांबूनच हाक मारली. "पलीकडे कुंभाराची लेक अडलीय गं! सकाळपासून कळा देतेय. मूल आडवं आहे म्हणतात. मला वेळेवर पोचू दे!"

द्वारकेचा हात चाकावर गेला आणि तिथेच थांबला.

तिनं खाडीत पाहिलं. तीन होड्या अजून बाहेर होत्या, त्यांत शेवटची हिराजीची. सगळ्यांना आधी जाऊ देऊन तो नेहमी शेवटी जायचा. पाणी उतरायला लागलं होतं. खांबावरची ओली खूण वर दिसू लागली होती. फळी खाली आणून पुन्हा वर न्यायला बराच वेळ लागायचा. आत्ता फळी पाडली तर या होड्या चिखलात बसणार, आणि त्यांतली मासळी उन्हात नासणार. न पाडली तर...

'पाडते मी,' तिच्या मनात आलं. पण लगेच दुसरा विचार आला. देते आहे मी, पण जाणार आहे कुणाचं? माझं तर काहीच जात नाही.

ती कठड्याशी धावली आणि तोंडाशी हाताचे पंजे धरून तिनं हाक दिली, "हिराजीकाका! सुईणआजीला पलीकडे जायचंय. बाळंतीण अडलीय. फळी पाडली तर तुमचं पाणी जाईल. काय करू?"

पुढच्या होडीतला एक तरणा खलाशी कळवळला, "तांडेल, टोपल्या गच्च भरल्यात! सगळी मेहनत वाया जाईल!"

हिराजीनं उतरणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग टोपल्यांकडे पाहिलं. मग मान वर केली.

"मासळी उद्या पुन्हा मिळेल रे," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाची हरकत आहे का? असली तर आत्ता बोला."

तरण्या खलाशानं मान खाली घातली, डोकं खाजवलं आणि मग तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "पाड फळी, वहिनी!"

द्वारकेनं अंगातलं होतं नव्हतं ते बळ चाकाला लावलं. फळी कुरकुरत खाली आली. वडाखालचे गाडीवान उठून उभे राहिले. समोर पूल मोकळा पडला होता. पण हैबतीनं आडवा हात धरला. "कुणी बैल जुंपायचे नाहीत. ही वेळ आपली नाही. एकटा छकडा जाईल."

कुणी हललं नाही. पण छकड्यालाही हलता येईना, कारण पुलाच्या तोंडाशी नगरशेठची बग्गी आडवी उभी होती.

"वा!" नगरशेठ बाहेर डोकावून म्हणाले. "आत्ता बरी फळी पडली! आणि मघाशी मी सांगत होतो तेव्हा?"

"शेठजी," हैबती म्हणाला, "तुमच्या पोटात भूक होती. तिच्या पोटात लेकरू आहे."

सगळा काठ हसला. नगरशेठ बोलायला गेले, पण त्यांची नजर छकड्याच्या बैलांवर पडली. दोन्ही बैल धापा टाकत होते, एकानं तर गुडघे टेकले होते.  त्यांनी बग्गीचं दार उघडलं आणि पगडी सावरत खाली उतरून ते म्हणाले, "आजी, हे बैल आता पाऊल टाकायचे नाहीत. माझ्या बग्गीत बसा. घोडे ताजे आहेत."

"बसते," आजी म्हणाली. "पण हे गाठोडं धरा नीट. आत तेलाची बाटली आहे."

आणि गावानं एक नवल पाहिलं. जरीच्या पगडीचे नगरशेठ सुईणीचं गाठोडं छातीशी धरून बसले होते, आणि बग्गी पुलावरून धडधडत पलीकडे गेली.

द्वारकेनं लगेच चाक फिरवलं. हैबती आणि आणखी दोघं धावत येऊन चाकाला लागले. फळी वर गेली. पहिली होडी तळ घासत कशीबशी आत शिरली. दुसरी रुतली. हिराजीची तर जागची हललीच नाही.

हिराजी होडीत उभा राहिला. त्याचा हात टोपल्यांवर ओला गोणपाट पांघरत होता, आणि ऊन तर चांगलंच तापलं होतं. द्वारकेला त्याच्याकडे बघवेना.

"वहिनी, आता होड्या जात नाहीत ना?" हैबतीनं विचारलं. "मग निशाण उतरवा आणि फळी पाडा. वेळ आमची झाली."

द्वारकेला वाटलं, आता हे आपापल्या वाटेनं बाजाराला निघणार. तिनं निशाण उतरवलं, फळी पाडली. पण हैबतीनं गाडी पुलावर घातलीच नाही. त्यानं ती काठाच्या उतारावरून खाली नेली, धोतर खोचलं आणि गुडघाभर चिखलात उतरला.

"ए तांडेल! दे इकडे टोपली!"

त्याच्यामागे दुसरा उतरला, मग तिसरा. चिखलात माणसांची साखळी झाली. टोपल्या हातोहात वर आल्या, भाज्यांच्या जुड्या सरकवून गाड्यांत बसल्या. वांग्यांशेजारी बांगडे! एक गाडीवान चिखलात सपशेल बसला, तर खलाशांनी त्याला हसत हसत वर काढलं. मासळी बाजारात पोचली तेव्हा अजून ताजी होती.

दिवस कलता कलता बग्गी परत आली. नगरशेठ पुलावर उभे राहूनच ओरडले, "मुलगी झाली! आई सुखरूप आहे!" त्यांची पंगत केव्हाच उठली होती. कुंभाराच्या ओसरीवर वाडगाभर पेज पिऊन ते आले होते, आणि इतकी गोड पेज आपण जन्मात प्यायलो नाही, असं भेटेल त्याला सांगत होते.

द्वारकेनं चाकाला खीळ घातली आणि दोन्ही हात चोळत ती मनापासून हसली.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: नियम असावा तर लहानथोर सगळ्यांना एकच. आणि एखाद्या खऱ्या गरजेपोटी तो बाजूला ठेवायची वेळ आलीच, तर ज्याचं त्यात नुकसान होणार आहे त्याला आधी विचारावं. विचारलं, तर माणसं आपणहून द्यायला तयार होतात.