खुरांमागचा घास

माळालगतच्या जंगलात, एका बाभळीवर एक बगळी आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. मुलांनो, तिचे पोट चाले ते रानम्हशींच्या खुरांवर! म्हशी चरत पुढे जात, त्यांच्या पायांनी गवतातले नाकतोडे उडत आणि बगळी मागोमाग ते टिपत असे. आजचे आज आणायचे, आजचे आज भरवायचे. नाकतोडा काही उद्यासाठी ठेवता येत नाही.

एके वर्षी रानात खोकल्याची साथ आली. धट्टीकट्टी हरणेसुद्धा पटापट पडू लागली. सिंहाने सभा बोलावून फर्मावले, "साथ सरेपर्यंत जो तो आपापल्या जागी राहील!" हुकूम काही वाईट नव्हता हो. खारीच्या ढोलीत बिया होत्या, म्हशींच्या तळ्याकाठी हिरवेगार गवत होते. साऱ्यांनी माना डोलावल्या. बगळी मात्र तेव्हा पिल्लांना भरवत होती. तिला कोणी विचारलेही नाही.

म्हशी तळ्यात बसून राहिल्या. बगळी एकटीच गवत तुडवत हिंडे. पण तिच्या काडीसारख्या पायांना नाकतोडे कुठले भीक घालतात! दिवस उजाडला की तिला नकोसे होई. शेवटी ती खारीच्या दारी गेली. "खारूताई, पिल्ले उपाशी आहेत गं."

"मग वेळेवर साठवायचे होते की!" खार आतूनच म्हणाली. "मी बघ कशी निवांत आहे."

"ताई, माझा घास दुसऱ्याच्या पायाखाली असतो. तो कुठल्या ढोलीत साठवू?" एवढे बोलून ती थकून परतली. धाकटे पिल्लू आता चोचही उघडत नव्हते.

तिकडे अंगावरच्या माश्या-गोचिडी टिपायला बगळी नसल्याने त्यांनी म्हशींना बेजार केले. "आपली बगळी कुठे गेली?" म्हणत म्हातारी म्हैस बाभळीखाली आली. घरटे पाहून तिला गलबलून आले. "अगं बाई, आम्ही बसलो आणि तुझी चूल विझली! आधी का नाही सांगितलेस?"

"सांगितले होते, आजी," बगळी म्हणाली. "पण भरल्या घरात सांगितले."

त्या दिवसापासून रोज एकच म्हैस, इतरांपासून लांब राहून, माळावर फेरी मारू लागली. नाकतोडे उडाले. बगळी चोच भरून घरट्यात आली. दोनच चोची उघडल्या. तिसरा घास चोचीत धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

तात्पर्य : साथ सर्वांवर येते, पण भूक आधी हातावर पोट असलेल्याला गाठते, म्हणून घरी बसण्यापूर्वी आपल्या चालण्यावर कोणाचे पोट चालते, ते पाहावे.