कत्रीनबायचा घास

आपल्या चिकणेरात दगड नाही. कितीही खणा, चिकणमातीच लागते. म्हणून आपलं चर्च पायापासून टोकापर्यंत विटांचं. बाहेरून दगड आणून बंदर बांधलं, त्याच्याही कितीतरी आधी दर्यापलीकडून एक पाद्री आला. त्याने वाळूत बोटाने कमान काढून दाखवली, वर टोकदार, हात जोडल्यासारखी. तशीच हवी म्हणाला. विटा भाजणारं घर गावात एकच, कत्रीनबाय आणि तिचा भाऊ इनास यांचं.

सण जवळ आला, पाद्र्याने घाई लावली, आणि कत्रीनबायने भट्टी निवू न देताच उघडली. गरम विटांना वारा लागला, आतून तडे गेले. वरून काही दिसेना. बस्त्याव गवंड्याने कमान बांधली, खालचा लाकडी आधार काढला, आणि कमान कोसळली. खाली इनास होता.

लोक म्हणाले, जागा बळी मागते. कत्रीनबाय सांगत सुटली की जागेचं काही नाही, विटा माझ्या होत्या. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने हिचं डोकं फिरलं. माणसं अशीच. खरं सांगणाऱ्यालाच वेडं ठरवतात.

मग ती पुन्हा भट्टीला लागली. भट्टी आपली आपण गार होईपर्यंत तिने पाद्र्यालाही जवळ फिरकू दिलं नाही. असं म्हणतात, एकेक वीट ती कानाशी धरून ठोकायची, आणि घंटेसारखी वाजली तरच पुढे द्यायची.

कमान पुन्हा उभी राहिली. पण आधार काढायला कुणी धजेना, आणि आत पाऊल टाकायला तर नाहीच. तेव्हा कत्रीनबाय भाकरी आणि बोंबलाची चटणी घेऊन कमानीखाली जाऊन बसली.

"काढ रे, बस्त्याव."

"आधी ऊठ तिथून, बाय."

"मागच्या तडकलेल्या विटा माझ्या होत्या. जागेला बोल लावू नका. काढ."

बस्त्यावने रडत रडत आधाराखालच्या पाचरी ठोकून काढल्या. कमान कण्हली, बोटभर खाली आली, चुना तिच्या भाकरीवर पडला. असं म्हणतात, तिने हात वर केला आणि बुजलेल्या म्हशीला समजवावं तशी म्हणाली, "टेक आता. टेक." सगळ्या विटा भट्टीतल्यासारख्या लाल झाल्या, आणि कमान टेकली. कत्रीनबाय चुन्यासकट भाकरी संपवूनच उठली.

त्या विटा अजून कोमट लागतात, असं म्हणतात. मी हात लावून बघितलंय, मला गारच लागल्या. ते सोडा. पण चिकणेरात नवं घर झालं की मालक आधी आत जात नाही. ज्याने बांधलं तो एकटा आत बसून भाकरी खातो. त्याला कत्रीनबायचा घास म्हणतात. आपण बाहेर थांबतो. तो हात धुवायला बाहेर आला की मग घरात दिवा लागतो.

आणि गवंडी जर म्हणाला, आज भूक नाही, तर ते घर आपण पाडून पुन्हा बांधतो.